तोलून धरलेली खिडकी

इंग्रजी सिनेमात आपण सर्वांनी पाहिलेले एक दृश्य आहे. लंडनमधले विटांचे उंच, अरुंद घर. कोणीतरी खिडकीपाशी येतो, खिडकीचा खालचा अर्धा भाग दोन्ही हातांनी वर ढकलतो आणि डोके बाहेर काढून रस्त्यावरच्या माणसाशी निवांत बोलत राहतो. कडी नाही, खिट्टी नाही, टेकू द्यायला काठी नाही. तरी ती काचेची जड झडप त्याच्या मानेवर येत नाही. सिनेमा पाहणाऱ्याला यात काही विशेष वाटत नाही. पण ज्याची निम्मी नोकरी रेल्वे डब्यांच्या खिडक्या-दरवाजांच्या देखभालीत गेली, त्याला संवाद ऐकूच येत नाहीत. त्याला एकच प्रश्न पडतो : ती झडप वर धरून ठेवते कोण?

वाचकहो, आपल्या स्मरणिकेत दरवर्षी कोणी अष्टविनायकांवर लिहितो, कोणी मराठ्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांवर. (खरगपुरात राहून हा दुसरा विषय जरा जपूनच लिहावा लागतो!) मी पडलो डिप्लोमावाला, कारखान्यातला माणूस. माझा इतिहास लाकूड, लोखंड आणि काच यांचा. तेव्हा यंदा इंग्लंडमधल्या या 'सॅश' खिडकीचा इतिहास आपल्यापुढे ठेवतो. एका खिडकीत इतके काय असणार असे वाटेल. मलाही वाटले होते. पण खोलात गेल्यावर त्यात आग निघाली, कायदे निघाले, गरिबांच्या घरातला उजेड हिरावून घेणारा एक कर निघाला, आणि शेवटी चक्क एक उंदीरसुद्धा निघाला. त्याची गोष्ट योग्य जागी येईलच.

आधी आपली खिडकी आठवू. वाड्याची असो वा चाळीची, आपली खिडकी बिजागरीवर फिरते. काही जुन्या घरांत तिचे चार भाग असत, वर दोन झडपा, खाली दोन. खालच्या लावून घेतल्या की रस्त्यावरून आतले दिसत नाही आणि वरून वारा येत राहतो. इंग्लंडमध्येही सतराव्या शतकापर्यंत बिजागरीवर फिरणारी खिडकीच होती. फरक इतकाच की तिथल्या थंडीमुळे तिला काच लागे, आणि मोठी काच मिळत नसल्याने शंकरपाळ्यांसारखे छोटे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून जाळी करत. अशी झडप वाऱ्याने आपटली की काचा ढिल्या होत, शिसे वाकत असे. शिवाय उघडलेली झडप एकतर बाहेर रस्त्यावर येते, नाहीतर आत खोलीची जागा खाते.

यावर उपाय म्हणजे झडप फिरवायची नाही, सरकवायची. 'सॅश' हा शब्द मूळचा फ्रेंच 'शासी', म्हणजे चौकट. आपण गाडीची 'चेसी' म्हणतो तो शब्दही तोच. (मोटारीची चेसी आणि खिडकीची सॅश ही सख्खी भावंडे आहेत हे कळल्यावर मला फार गंमत वाटली.) फ्रान्समध्ये वर सरकणाऱ्या खिडक्या आधीपासून होत्या. पण त्या वर केल्यावर खुंटी किंवा खिट्टी लावून अडकवाव्या लागत. खुंटी निसटली की झडप खाली! अशा खिडकीला फ्रेंच लोक आजही 'गिलोटिन खिडकी' म्हणतात. गिलोटिन म्हणजे ते मुंडके उडवायचे यंत्र. यापेक्षा वेगळे वर्णन करायची गरज नाही.

इंग्लंडने केले ते एवढेच की या झडपेला वजन बांधले. साधारण १६७० च्या सुमारास राजाच्या बांधकाम खात्यातल्या सुतारांच्या हातून ही दोरी, कप्पी आणि वजनांची खिडकी तयार झाली असे दिसते. लंडनजवळच्या हॅम हाऊस या वाड्यात १६७० च्या दशकातल्या अशा खिडक्या आल्या. पुष्कळ ठिकाणी याचे श्रेय रॉबर्ट हुक यांना दिलेले आढळते. स्प्रिंगचा नियम आपण डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात शिकलो, तेच हे हुक. ते शास्त्रज्ञ होते तसे वास्तुविशारदही होते, म्हणून नाव चिकटले असावे. पण त्याला पक्का पुरावा नाही. माझे स्वतःचे मत असे, की ही कल्पना कागदावर सुचणारी नाहीच. विहिरीवर, बंदरावर, कुठेतरी कप्पी आणि वजन रोज पाहणाऱ्या एखाद्या सुतारालाच ती सुचणार. पण सुताराचे नाव इतिहासात राहत नाही, मोठ्या माणसाचे राहते. पुढे १६८९ पासून विल्यम आणि मेरी यांच्यासाठी ख्रिस्तोफर रेन यांनी हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याचे नवे भाग बांधले आणि तिथे या खिडक्यांच्या रांगाच लागल्या. राजाने केले म्हटल्यावर सरदारांनी केले, सरदारांनी केले म्हटल्यावर व्यापाऱ्यांनी केले. फॅशन ही अशीच खाली उतरते.

आता रचनेकडे येऊ. हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण सगळी मौज इथेच आहे.

खिडकीत दोन झडपा असतात, वरची आणि खालची. दोन्ही एका रेषेत नसून मागे-पुढे असतात. वरची बाहेरच्या बाजूला, खालची आतल्या बाजूला. हे असे का? कारण पाऊस. वरच्या काचेवरून ओघळलेले पाणी बाहेरच्या बाहेर खाली जाते, आतल्या झडपेच्या डोक्यावर साचत नाही. आपण कौले घालतो तेव्हा वरचे कौल खालच्यावर चढवतो, तोच हिशेब. दोन्ही झडपा जिथे भेटतात तिथल्या आडव्या पट्ट्या सरळ कापलेल्या नसून तिरक्या कापलेल्या असतात. त्यामुळे खिडकी बंद होताना त्या पाचरीसारख्या एकमेकींत घट्ट बसतात. वर पितळी खटका फिरवला की आणखी आवळल्या जातात.

झडप म्हणजे काचेची चौकट. दोन उभ्या पट्ट्या, दोन आडव्या आणि मध्ये काचा धरणाऱ्या बारीक दांड्या. सांधे सगळे कुसू आणि भोकाचे, म्हणजे आपले मॉर्टिस-टेनन. काच बाहेरून खाचेत बसवायची आणि लांबीने पक्की करायची. ही लांबी म्हणजे जवसाचे तेल आणि खडूची पूड मळून केलेली कणीकच. ती वरून कडक होते, पण काच काढायची झाली तर खरवडून काढता येते. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

खरी करामत बाजूच्या चौकटीत आहे. बाहेरून ती भरीव दिसते, पण असते पोकळ. सुरुवातीच्या काळात ओकच्या जाड लाकडातच वजनासाठी पन्हळ कोरत. पुढे फळ्या जोडून उभी पेटी करू लागले. या पेटीची खिडकीकडची फळी म्हणजे कप्पीची फळी. तिच्या वरच्या टोकाला दोन कप्प्या, एक वरच्या झडपेची आणि एक खालच्या झडपेची. झडपेच्या कडेला खाच असते, तिथे सुती दोरी खिळ्यांनी बसवायची, ती कप्पीवरून पेटीत सोडायची आणि टोकाला बिडाचे लांबट गोल वजन बांधायचे. दोन्ही बाजू मिळून चार कप्प्या, चार दोऱ्या, चार वजने. एका पेटीत दोन वजने वरखाली करताना एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये एक पातळ फळी नुसती वरून टांगून ठेवतात. ती खाली मोकळी असल्याने हलते, म्हणून इंग्रज सुतार तिला 'वॅगटेल' म्हणतो, म्हणजे सारखी शेपटी हलवणारा तो आपला परीट पक्षी. कारागिरांना नावे ठेवायची कला सगळीकडे सारखीच अवगत असते!

आता वजन किती? एक उदाहरण घेऊ. तीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच झडप धरली तर क्षेत्रफळ साडेसात चौरस फूट, म्हणजे सुमारे ०.७ चौरस मीटर. एक मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरला अडीच किलो भरते. तेव्हा तीन मिलिमीटरची काच झाली सव्वापाच किलो. लाकूड पावणेपाच किलो धरू. एकूण दहा किलो. दोन वजने, म्हणजे प्रत्येकी पाच किलो. झाले? नाही. इथेच सुताराची अक्कल दिसते. वरच्या झडपेची वजने झडपेपेक्षा किंचित जड ठेवायची, म्हणजे ती आपोआप वर चढून बंद राहील. खालच्या झडपेची वजने किंचित हलकी ठेवायची, म्हणजे ती आपल्या भाराने खाली बसून बंद राहील. दोन्ही झडपांचा स्वाभाविक कल बंद होण्याकडे, पण इतका थोडा की घर्षणच त्यांना जागच्या जागी थोपवून धरते. एका बोटाने उघडावी आणि हात सोडला की तिथेच थांबावी, असा तोल. इतक्या सोप्या भाषेत घर्षणाचा धडा मला कॉलेजात कोणी शिकवला नाही.

आणखी एक गोष्ट. उष्ण हवा वर जाते हे आपण जाणतोच. वरची झडप थोडी खाली ओढली आणि खालची थोडी वर केली, की वरून कोंदट हवा बाहेर आणि खालून ताजी हवा आत. पंखा नाही, वीज नाही. वर सांगितलेली आपली चार झडपांची खिडकी हेच काम दुसऱ्या वाटेने करत होती.

खिडकीचे रूप मात्र सुताराने एकट्याने ठरवले नाही, ते पार्लमेंटनेही ठरवले. १६६६ मध्ये लंडन जळाले, त्यानंतर तिथे विटा-दगडांची घरे सक्तीची झाली. १७०९ पासून लंडनमध्ये लाकडी चौकट भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून चार इंच आत बसवणे बंधनकारक झाले. १७७४ च्या कायद्याने तर वजनांची पेटी पूर्णपणे विटांच्या मागे लपवायला लावली. हेतू एकच, की शेजारच्या घराला लागलेली आग लाकडावरून लाकडावर उडू नये. पण झाला दुहेरी फायदा. बाहेरून चौकट नाजूक दिसू लागली, आणि लाकूड पावसाच्या माऱ्यातून आत गेल्याने जास्त टिकू लागले. कायदा केला एका कारणासाठी आणि उपयोग झाला भलत्याच, असे आपण रेल्वेत अनेकदा पाहतो. उलटेही पाहतो.

आता त्या कराकडे. इ.स. १६९६ मध्ये इंग्लंडमध्ये खिडक्यांवर कर बसला. उत्पन्न विचारायला गेले तर लोक चिडतात, मग घराच्या खिडक्या मोजा, त्या तर रस्त्यावरून दिसतात! प्रत्येक घराला दोन शिलिंग सरसकट. खिडक्या दहा ते वीस असतील तर वर आणखी चार शिलिंग, वीसच्या वर असतील तर आठ. कल्पना अशी की श्रीमंताचे घर मोठे, खिडक्या जास्त, म्हणून कर जास्त. कागदावर न्याय्यच. लोकांनी काय केले? खिडक्या विटांनी बुजवल्या. आजही इंग्लंडमधल्या जुन्या घरांवर खिडकीच्या आकाराचे विटांचे चौकोन दिसतात. (त्यातले काही केवळ दर्शनी भाग सारखा दिसावा म्हणून मुळातच तसे बांधलेले असतात. प्रत्येक बुजवलेल्या खिडकीचे खापर करावर फोडू नये.)

श्रीमंतांचे यात फारसे बिघडले नाही. पुष्कळ खिडक्या असणे ही उलट ऐपत दाखवण्याची गोष्ट झाली. मारले गेले ते भाडेकरू. शहरांतल्या मोठ्या इमारतीत खोलीखोलीतून वेगवेगळी कुटुंबे राहत, पण करासाठी ती सगळी इमारत एकच घर धरली जाई. म्हणजे खिडक्यांची संख्या सहज वरच्या टप्प्यात. कर भरायचा मालकाने, म्हणून मालक खिडक्या बुजवणार, आणि अंधारात राहायचे भाडेकरूने. १७६६ मध्ये तर सात खिडक्यांपासूनच कर लागू झाला. कोंदट, काळोख्या खोल्यांत टायफससारख्या साथी पसरतात असे डॉक्टर ओरडून सांगत होते. चार्ल्स डिकन्स यांनी १८५० मध्ये आपल्या साप्ताहिकातून या करावर कडक टीका केली. अखेर १८५१ मध्ये तो रद्द झाला. एकशे पंचावन्न वर्षे! उजेड आणि हवा या दोन गोष्टी देवाने फुकट दिल्या आहेत असे आपण म्हणतो, तिथे त्यांची पावती फाडली जात होती.

खिडकीवर कर होता तसा काचेवरही होता. १७४५-४६ पासून काचेवर जकात आली, आणि ती वजनावर. मग काच पातळ करण्याकडे कल झाला नसता तरच नवल. त्या काळची चांगली काच म्हणजे 'क्राउन' काच. कारागीर नळीतून फुंकून फुगा करी, तो सळईवर घेऊन भट्टीसमोर गरगर फिरवी, आणि फिरता फिरता त्याची पोळीसारखी चकती उघडे, सुमारे चार-साडेचार फूट व्यासाची. तिच्यातून चौकोनी तावदाने कापायची. मधोमध जिथे सळई चिकटलेली असे तिथे बेंबीसारखा जाड गोळा राही. तो टाकाऊ, स्वस्तातल्या खिडकीला लावायचा. (आता 'जुन्या वळणाची' म्हणून तीच बेंबीची काच हौसेने लावतात!) चकतीतून मोठा चौकोन निघत नाही, म्हणून एका झडपेत सहा तावदाने, वर सहा आणि खाली सहा, ही अठराव्या शतकाची ओळख ठरली. सुरुवातीच्या दांड्या दीड-दोन इंच जाड होत्या. सुतारांचा हात बसत गेला तशा त्या बारीक होत शंभर-सव्वाशे वर्षांत अर्ध्या-पाऊण इंचावर आल्या. पातळ काच, बारीक दांड्या, हलकी झडप, हलके वजन असे सगळे गणित जुळून आले होते.

ते १८४५ नंतर बिघडले. काचेवरची जकात उठली. त्याआधीच १८३२ मध्ये चान्स ब्रदर्स या कारखान्याने लांब नळकांडे फुंकून, ते उभे चिरून, उलगडून सपाट काच करण्याची सुधारलेली रीत इंग्लंडमध्ये आणली होती. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनातल्या क्रिस्टल पॅलेसची सुमारे तीन लाख तावदाने याच कारखान्याची. काच मोठी आणि स्वस्त झाली, तशी माणसाला दांड्यांची अडचण वाटू लागली. सहाच्या जागी दोन तावदाने आली, पुढे एकच. पण दांड्या नुसत्या काच धरत नव्हत्या, त्या झडपेला ताठ ठेवत होत्या. त्या गेल्या, काच मात्र जड झाली. सगळा भार कोपऱ्यांतल्या सांध्यांवर आला आणि भेटणाऱ्या पट्टीचे सांधे उघडू लागले. सुतारांनी उपाय काढला. झडपेच्या उभ्या पट्ट्या सांध्याच्या पुढे दोन-तीन इंच तशाच वाढू दिल्या, म्हणजे कुसवाच्या भोवती भरपूर लाकूड राहते. या वाढलेल्या टोकांना 'हॉर्न', शिंगे म्हणतात. पुढे त्यांना छान वळणदार आकार देऊ लागले, म्हणून लोकांना ती नक्षी वाटते. नक्षी नव्हे, ती मलमपट्टी आहे! जाणकार माणूस रस्त्यावरूनच शिंगे पाहून सांगतो, की ही झडप बहुधा १८४० नंतरची.

आता थोडे आपल्या घरचे, म्हणजे रेल्वेचे. वरखाली सरकणारी काच घोडागाड्यांतही होती. १८३० च्या लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेचे पहिल्या वर्गाचे डबे म्हणजे घोडागाडीच्या तीन पेट्या एका सांगाड्यावर ठेवल्यासारखे. साहजिकच खिडकीही तिथूनच आली. पण धावत्या गाडीच्या दारात लोंबती वजने कशी ठेवणार? धक्क्याने ती आत थडाथड आपटतील, आणि दाराच्या जाडीत जागाही नाही. म्हणून काच दाराच्या पोटात खाली सोडायची आणि तिला एक चामड्याचा पट्टा लावायचा. पट्ट्याला कमरपट्ट्यासारखी भोके. हवे तेवढे वर ओढून भोक पितळी खुंटीत अडकवायचे. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची फ्रेंच खुंटीच परत आली. फक्त यात निसटली तर काच खाली दाराच्या पोटात जाते, मानेवर येत नाही.

आपल्याकडे उन्हाळा, धूळ आणि पाऊस तिन्ही सांभाळायचे. घरांपुरते बोलायचे तर कोलकात्यात काचेच्या सॅशपेक्षा लाकडी पट्ट्यांच्या झडपाच जास्त कामाच्या ठरल्या. आपले बंगाली शेजारी त्यांना 'खडखडी' म्हणतात आणि उत्तर कोलकात्यातल्या हिरव्या खडखड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. डब्यातही तेच झाले. एक काचेची झडप आणि एक पट्ट्यांची. साध्या दुसऱ्या वर्गाच्या डब्यात या झडपा वर उचलून दोन्ही बाजूंच्या खटक्यांवर अडकवायच्या. वजन नाही, तोल नाही, सगळी भिस्त खटक्यावर. एका बाजूचा खटका झिजला की झडप तिरकी होते, आणि दुसरा निसटला की खाली. खिडकीच्या काठावर हात टेकून बाहेर पाहणे हा तर प्रत्येक लहान मुलाचा हक्कच! बोटे चेमटल्याच्या तक्रारी मी स्वतः हाताळल्या आहेत. एका मुलीची दोन बोटे बँडेजमध्ये आणि डोळे रडून सुजलेले, असे मी फलाटावर पाहिले आहे. त्या दिवसापासून गाडी तपासताना खटका बोटाने दाबून पाहिल्याशिवाय मी पुढच्या खिडकीकडे जात नाही, आणि माझ्या हाताखालच्या मुलांनाही जाऊ देत नाही.

तोलाचे तत्त्व मात्र रेल्वेने इतरत्र जपले आहे. लेव्हल क्रॉसिंगचा लांबलचक दांडा गेटमन एकटा उचलतो, तो मागच्या टोकाच्या वजनाच्या जिवावर. आणि पुढच्या वेळी हावड्याला जाल तेव्हा ओव्हरहेड तारांच्या खांबांकडे लक्ष द्या. मधूनच एखाद्या खांबाला कप्प्यांवरून जाड वजनांची माळ टांगलेली दिसेल. उन्हाने तार लांबते, थंडीत आखडते. ती माळ खाली-वर होऊन ताण कायम ठेवते. १६७० च्या खिडकीतली दोरी, कप्पी आणि वजन ते हेच. फक्त इथे पेटी नाही, म्हणून उघड्यावर दिसते.

इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धानंतर नव्या घरांतून ही खिडकी मागे पडली. बिजागरीची लाकडी किंवा पोलादी खिडकी स्वस्त होती. १९८० नंतर प्लास्टिकच्या चौकटी आणि दुहेरी काचा आल्या आणि जुन्या खिडक्या सरसकट उपटून टाकल्या जाऊ लागल्या. तक्रारी खोट्या नव्हत्या. जुनी सॅश वाऱ्याने खडखडते, फटींतून थंडी येते. पण आमच्या धंद्यात रोग आणि रोगी यांत फरक करतात. खडखड थांबवायला फटीत ब्रशची पट्टी बसवता येते. दुहेरी काचच हवी तर वर घेतलेल्या झडपेवर चार-चार मिलिमीटरच्या दोन काचा म्हणजे चौदा किलो, लाकडासह एकोणीस. पाच किलोच्या वजनाच्या जागी साडेनऊ किलोचे हवे. पेटी तर तेवढीच. मग बिडाऐवजी शिसे वापरायचे, ते त्याच जागेत सुमारे दीडपट भरते, आणि उरलेले लांबी वाढवून भागवायचे. जमते कसेबसे. उलट प्लास्टिकच्या खिडकीतल्या बंद दुहेरी काचेची सील गेली की आत धुके धरते. ते पुसता येत नाही, काचेचा तो जोडच फेकावा लागतो.

सॅश खिडकी मात्र मुळातच उघडता यावी अशी बांधलेली आहे, आणि मला तिचे कौतुक आहे ते यासाठी. खालची झडप जागेवर धरणारी आतली पट्टी बारीक खिळ्यांनी किंवा स्क्रूने नुसती अडकवलेली असते. ती पटाशीने अलगद उचकटली की खालची झडप हातात येते. दोन झडपांच्या मधली पट्टी तर नुसती खाचेत दाबून बसवलेली. ती काढली की वरचीही आली. आणि पेटीतल्या वजनांचे काय? कप्पीच्या फळीत खाली एक तुकडा कापून परत तिथेच बसवलेला असतो. त्याला 'पॉकेट' म्हणतात, खिसाच तो. खिडकी बंद असताना तो खालच्या झडपेआड दडलेला असतो. एक स्क्रू काढला की खिसा उघडतो आणि वजन बाहेर. ज्या सुताराने ही पेटी पहिल्यांदा बंद केली त्याला माहीत होते, की ही दोरी एक दिवस तुटणार आणि तेव्हा आपण नसणार. खालची पट्टी कुजली तर तेवढीच कापून नवे लाकूड जोडता येते, काच फुटली तर लांबी खरवडून तेवढे एकच तावदान बदलता येते. अठराव्या शतकातल्या खिडक्या आजही कामावर आहेत त्या अशा.

आता तो उंदीर. नवी दोरी कप्पीवरून पेटीत घालायची, तर मऊ दोरी खाली उतरत नाही, वरच गोळा होते. म्हणून सुतार शिशाचा एक छोटासा लांबट तुकडा बारीक सुतळीला बांधतो, तो कप्पीवरून आत सोडतो. तो आपल्या वजनाने सुळ्ळकन पेटीत उतरतो आणि खिशाच्या तोंडाशी येतो. सुतळीच्या मागोमाग दोरी ओढून घ्यायची. या शिशाच्या तुकड्याला इंग्रज सुतार 'माऊस' म्हणतो. बिळात शिरणारा आणि मागे शेपटी असलेला! मोठ्या कामाची वाट छोट्या उंदराने मोकळी करायची, हे आपल्या मंडळाच्या मंडपात बसून कोणाला वेगळे समजावून सांगायला नको.

दोरीची लांबी हाही अनुभवाचा भाग. नवी सुती दोरी ताणते. वरची झडप पूर्ण वर असते तेव्हा तिचे वजन पेटीत सर्वांत खाली असते. दोरी जास्त लांब ठेवली तर काही महिन्यांनी ताणून वजन पेटीच्या तळाला टेकते, झडप पूर्ण वर जात नाही आणि वर फट राहते. म्हणून आधी दोरी ताणून घ्यायची आणि वजन तळापासून दोन-एक इंच अधांतरी राहील अशी कापायची. दोरीला रंग लावायचा नाही, ती कडक होऊन कप्पीवर तुटते. कप्पीलाही रंग लागू द्यायचा नाही. झडपेवर मात्र वर्षानुवर्षे रंगाचे थर चढत जातात आणि तेही वजनच असते.

म्हणून सगळे जोडून झाल्यावर सुतार शेवटची परीक्षा घेतो. खालची झडप अर्ध्यावर उचलायची आणि हात सोडायचा. जिथे आहे तिथेच थांबली, तर काम पक्के. सावकाश खाली घसरू लागली, तर खिसा पुन्हा उघडून वजनावर शिशाची एक चकती चढवायची.